लहान आतड्यात जंतूंनी मुक्काम का ठोकला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ४४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. ६ वर्षांपासून साखरेचा त्रास, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी गावात जुलाबाची साथ आली, तेव्हा त्या आठवडाभर आजारी होत्या. तेव्हापासून जेवण झालं की तासाभरात पोट टम्म फुगतं, गुडगुडतं, ढेकर येत राहतात. कधी दिवसातून चार वेळा पातळ होते, कधी दोन-दोन दिवस होतच नाही. रोज सकाळी उपाशीपोटी ‘गॅसची गोळी’ घेतात. मेडिकलवाल्याने दोन वेळा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दोन्ही वेळा बरं वाटलं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. नागपूरला शिकणाऱ्या मुलाने वाचून सांगितलं, की हा ‘सिबो’ आहे, म्हणजे लहान आतड्यात जंतूंची वाढ झाली आहे. तेव्हापासून ताई जेवणात फक्त मऊ भात, मुगाचं पाणी आणि ताक यांवर आहेत. वजन वर्षभरात ५८ किलोवरून ५१ वर आलंय. सासूबाई म्हणतात, “तुले काई नाई झालं, हवा भरली पोटात.” लग्नाच्या पंगतीला जाणं ताईंनी बंद केलंय. त्या विचारतात: हे जंतू कायमचे मारायचे कसे? श्वासाच्या तपासणीसाठी नागपूरला जाऊ का? आणि आयुष्यभर काय काय सोडावं लागेल? सोबत त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो पाठवले आहेत.

ताई,

वजनाचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मी ते सगळ्यात आधी घेते. वर्षभरात ७ किलो म्हणजे तुमच्या शरीराचा जवळजवळ आठवा हिस्सा कमी झाला. नुसत्या गॅसने असं होत नाही. भात आणि मुगाच्या पाण्यावर राहिल्यामुळे ते उतरलं असेल, साखर हाताबाहेर गेल्यामुळे उतरलं असेल, किंवा आतड्यात आणखी काही असेल. आपल्या भागात आतड्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. तो बहुधा लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं त्या कोपऱ्यात, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला बसतो, आतडं अरुंद करतो, आणि सुरुवातीला माणूस वर्षभर ‘पोट बिघडलंय’ एवढंच सांगत असतो. संध्याकाळी अंग कसकसणं, पोटात गोळा आल्यासारखं दुखून मग गुडगुड करत मोकळं होणं, हे तुम्हाला होतं का, ते पत्रात नाही. होत असेल तर आजच्या आज कोणाला तरी सांगा.

म्हणून नागपूरच्या श्वासाच्या तपासणीआधी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या एमडी डॉक्टरांकडे जा आणि साध्या तपासण्यांपासून सुरुवात करा. हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, शौचाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होते त्या सिलिॲक आजारासाठी रक्ताची एक तपासणी असते, तीही विचारा. पण ती करायची असेल तर तपासणीपर्यंत गहू खाणं बंद ठेवू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट बरोबर आहे असं दिसू शकतं. सोनोग्राफीत फक्त आतडं बघायचं नाही, गर्भाशय आणि अंडाशयही बघून घ्यायचे. चाळिशीनंतर बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आणि फुगतच राहिलं, तर तिकडेही लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे बायका तपासणीच्या वेळी हे सांगायला संकोचतात. तुम्ही संकोचू नका.

शौचात रक्त येणं, डांबरासारखी काळी शौच, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वारंवार उलटी, हाताला लागणारी गाठ किंवा ताप यांतलं काही असेल तर हे सदर वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा. हे मी तुमच्याबरोबर या पानाच्या प्रत्येक वाचकाला सांगते आहे.

आता मुलाचं म्हणणं. त्याने उगाच काहीतरी काढलेलं नाही. तुमच्या तक्रारी सिबोच्या वर्णनात बसतात. आपलं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. त्याच्या वरच्या भागात एका मिलिलिटर रसात जंतू साधारण हजाराच्या आतच असतात, मोठ्या आतड्यात तेवढ्याच जागेत ते अब्जावधी असतात. मोठ्या आतड्यातली ती गर्दी आपल्या भल्याची आहे. बिघाड होतो तो वरच्या भागात गर्दी वाढली की. तुम्ही खाल्लेलं अन्न अंगी लागण्याआधी जंतू त्यावर तुटून पडतात, पिठूळ आणि गोड पदार्थ आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि दुसरे वायू तयार होतात. म्हणून जेवल्यावर तासाभरात पोट फुगतं. पित्तातले क्षार जंतूंनी मोडले तर चरबी पचत नाही, शौच चिकट आणि तेलकट होते, आणि अ, ड, ई ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. बी-१२ तर हे जंतू स्वतःच खाऊन टाकतात. तुम्ही माळकरी असाल, मांस-अंडी खात नसाल, तर बी-१२ तसंही कमी निघू शकतं, तेव्हा ते एकटं कमी आलं म्हणून सिबो सिद्ध झाला असं धरू नका.

पण ‘जंतू कायमचे मारायचे कसे’ हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. तुम्ही दोनदा ते मारून पाहिले आहेत आणि दोनदा ते परत आले. तिसऱ्यांदा मारले तरी परत येतील, कारण ते ज्या सोयीमुळे तिथे राहिले ती सोय तशीच आहे. ती कुठली, हे शोधायला हवं.

निरोगी माणसाच्या लहान आतड्यात जंतू का वाढत नाहीत? पोटातलं आम्ल बरेच जंतू वरच मारतं. पित्त त्यांना आवरतं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या मधली झडप खालचा माल वर येऊ देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची आहे आतड्याची चाल. दोन जेवणांच्या मधे पोट रिकामं असलं, की दर दीड-दोन तासांनी वरून खाली आकुंचनाची एक लाट जाते. पंगत उठल्यावर अंगण झाडून घ्यावं, तशी ही लाट उरलंसुरलं अन्न आणि जंतू पुढे ढकलते. ही झाडणी पोट रिकामं असेल तेव्हाच होते. काही खाल्लं की थांबते.

आता तुमच्याकडे बघू. साथीच्या जुलाबानंतर काही लोकांत आतड्याच्या नसा आणि स्नायू पूर्वीसारखे काम करत नाहीत, चाल मंदावते. तुमचा त्रास नेमका त्याच पावसाळ्यानंतर सुरू झाला. दुसरं, साखर. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली, तर जशा पायाच्या नसा बधिर होतात तशा आतड्याच्याही होतात, आणि तिथे मुंग्या येत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. तिसरं म्हणजे रोजची ती गोळी.

तुमच्या फोटोतली पहिली पट्टी पॅन्टोप्रॅझोल ४० आणि डॉम्पेरिडोन यांची आहे. आपल्या गावागावात हिला गॅसची गोळी म्हणतात, पण ती गॅसवर काम करतच नाही. ती मुख्यतः आम्ल कमी करते. तुमचा त्रास छातीतल्या जळजळीचा नाही, फुगण्याचा आहे. म्हणजे ज्या तक्रारीसाठी ती घेताय त्यावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि उलट आम्ल कमी झाल्यामुळे जंतूंना वर राहायला सोपं जातं. अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत सिबोचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरीही उद्या सकाळी ती एकदम बंद करू नका. खूप दिवस घेतल्यावर एकदम सोडली तर काही आठवडे आम्ल उसळून येतं, जळजळ होते, आणि माणसाला वाटतं आपल्याला ही लागतेच. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. ज्यांना अल्सर झाला होता, जे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, किंवा सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेतात, त्यांनी तर विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

दुसरी पट्टी मी मोठी करून दोनदा वाचली. त्यात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एका गोळीत आहेत. मेटफॉर्मिनने काहींचं पोट बिघडतं, पातळ होते, आणि लांब काळात बी-१२ कमी होतं. व्होग्लिबोजचं कामच असं आहे, की ते भात-भाकरीतल्या पिष्टाचं पचन लहान आतड्यात मंद करतं, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. न पचलेलं पिष्ट मग खाली मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. पोट फुगणं आणि वारा सरणं हा या औषधाचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. आणि तुम्ही सध्या खाताय काय? भात, दोन वेळा, जवळजवळ फक्त भात. ही गोळी कधी सुरू झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या चिठ्ठ्या काढा आणि तारीख बघा. फुगण्याचा त्रास गोळी बदलल्यानंतर वाढला असेल, तर नागपूरला जाण्याआधी तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: “व्होग्लिबोजशिवायची गोळी देता येईल का? मेटफॉर्मिन हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातली देता येईल का?” कदाचित अर्धा त्रास तिथेच कमी होईल. गोळी स्वतःहून मात्र थांबवू नका.

याच गोळीबद्दल आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते: घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही इतकं कमी खाताय, की हा धोका खरा आहे. व्होग्लिबोज घेणाऱ्या माणसाला अशा वेळी घरची साखर किंवा गूळ दिला तर तो लवकर लागू पडत नाही, कारण तो फोडायचं कामच या औषधाने अडवलेलं असतं. ग्लुकोजची पावडर द्यावी लागते. मेडिकलमध्ये सहज मिळते. एक डबा घरात आणि एक पुडी शेतातल्या पिशवीत ठेवा.

तिसरी पट्टी म्हणजे मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या, ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल. त्यांनी बरं वाटलं म्हणून मुलाची खात्री पटली की हे जंतूच आहेत. पण या गोळ्या जिआर्डियालाही मारतात. जिआर्डिया हा दूषित पाण्यातून येणारा सूक्ष्म परजीवी आहे, पोट फुगणं, घाण वासाचे ढेकर आणि पातळ शौच हे त्याचंही काम. तेच पाणी पुन्हा प्यायलं की तो पुन्हा होतो. म्हणजे महिन्याने त्रास परतला तो सिबो परतल्यामुळे की विहिरीच्या पाण्यामुळे, हे गोळ्यांनी पडलेल्या फरकावरून ठरत नाही. म्हणून शौचाची तपासणी वर लिहिली आहे, आणि ती एकाच वेळी नाही, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन नमुने दिले तर जास्त खात्रीची होते. शिवाय ऑफ्लोक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतली, की साखर अचानक खाली किंवा वर जाऊ शकते. ज्याने काउंटरवरून ती दिली त्याने तुमची दुसरी पट्टी पाहिली होती का? पुन्हा तशी घेऊ नका.

हे सगळं झाल्यावर श्वासाची तपासणी. करू नका असं मी म्हणत नाही, पण तिच्याकडून काय मिळतं ते समजून जा. माणसाच्या पेशी हायड्रोजन किंवा मिथेन बनवत नाहीत, हे वायू आतड्यातल्या सूक्ष्मजीवांकडून येतात, रक्तात शिरतात आणि श्वासातून बाहेर पडतात. तुम्हाला ग्लुकोज किंवा लॅक्टुलोज (आपल्याला न पचणारी एक साखर) यांचं पाणी पाजतात, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी पिशवीत किंवा नळीत फुंकायला लावतात, असं दोन-तीन तास चालतं. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषानुसार ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा दहा लाखांत २० भाग वाढला, किंवा मिथेन केव्हाही १० भाग किंवा त्याहून जास्त आला, तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. मिथेनवाल्यांना बहुधा बद्धकोष्ठता असते. तुम्हाला दोन्ही बाजूंचा त्रास आहे, म्हणून जिथे दोन्ही वायू मोजतात तिथेच जा, नुसता हायड्रोजन मोजणारं यंत्र तुमच्यासाठी अपुरं आहे.

ही तपासणी चुकतेही. ग्लुकोज आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, म्हणून खालच्या भागातली वाढ सुटून जाते. लॅक्टुलोज काहींच्या पोटातून भराभर मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि तिथला वायू लहान आतड्यातला समजला जातो. साखरेच्या माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं का, हा प्रश्न वेगळाच. आपल्याला साखर आहे हे तिथे नाव नोंदवतानाच सांगा. आदल्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, जुलाबाचं चूर्ण आठवडाभर आधी बंद हवं, आदल्या दिवशी साधा भात आणि अंडं किंवा मांसाहार, डाळ-दूध-फळं-कांदा नाही, रात्रीपासून उपास, सकाळी तोंड स्वच्छ धुतलेलं. विडी-सिगारेट नाही. ज्या वाचकांना खर्ऱ्याची सवय आहे त्यांनी त्या सकाळी खर्राही तोंडात ठेवू नये. इतका उपास असल्यामुळे त्या दिवशीची साखरेची गोळी कधी घ्यायची हे आधी विचारून ठेवा. एवढं नीट पाळलं नाही तर एसटीचं भाडं आणि तपासणीचे पैसे दोन्ही वाया जातात.

तपासणी पॉझिटिव्ह आली, किंवा डॉक्टरांनी लक्षणांवरूनच ठरवलं, तर बहुधा रिफॅक्सिमिन देतात. हे औषध रक्तात फारसं शोषलं जात नाही, आतड्यातच काम करतं. नेहमीचा कोर्स १४ दिवसांचा असतो, ५५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज, आणि तो स्वस्त नाही. मिथेन जास्त असेल तर जोडीला दुसरं औषध लागतं. चिठ्ठीवरचं नाव नीट वाचून घ्या, कारण क्षयरोगाच्या औषधाचं नाव रिफॅम्पिसिन आहे, आणि गर्दीच्या काउंटरवर ही दोन नावं कानाला सारखी लागतात. त्रास परत येतो हे मी आधीच सांगितलं. इटलीतल्या एका अभ्यासात रिफॅक्सिमिनने बरे झालेल्यांपैकी ९ महिन्यांत १०० पैकी सुमारे ४४ जणांत जंतूंची वाढ पुन्हा दिसली. म्हणून कोर्सबरोबर साखर आवरणं, आम्लाची गोळी कमी करणं, थायरॉइड असेल तर त्याचा इलाज आणि आतड्याची चाल सुधारणं हे सुरू झालं नाही, तर कोर्सचे पैसे पुन्हा लागतील. प्रोबायोटिकची महागडी पावडर मात्र सध्या घेऊ नका. सिबोत तिचा फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

आता जेवण. ताई, तुम्ही स्वतःला उपाशी ठेवताय आणि त्याला पथ्य म्हणताय. भात, मुगाचं पाणी आणि ताक यांत प्रथिनं नावाला आहेत, आणि शेतात राबणाऱ्या बाईचं शरीर एवढ्यावर स्नायू झिजवून चालतं. त्यातही ताक तुम्ही हलकं म्हणून घेताय. आपल्याकडे मोठ्या वयात दुधातली साखर न पचणारी माणसं पुष्कळ आहेत आणि ताकातही ती साखर थोडी उरते. आठवडाभर ताक आणि दुधाचा चहा बंद करून बघा. फरक पडला तर एक उत्तर घरबसल्या मिळालं. नाही पडला तर ताक पुन्हा सुरू करा.

पोट फुगवणारे पदार्थ ठरावीक आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने त्यांचा अभ्यास करून जे पथ्य बसवलं, ते जगभर वापरतात. ते आपल्या स्वयंपाकघरात आणलं तर सगळ्यात जास्त त्रास लसूण आणि कांदा देतात, त्याखालोखाल गहू, हरभरा, बरबटी, सोयाबीन आणि जास्त प्रमाणात तूर, मग दूध, आणि फळांत आंबा, सीताफळ, सफरचंद. ज्वारीची भाकर, तांदूळ, अंडी, मासे, कोंबडी, वांगं, भेंडी, दोडका, पालक, मेथी, कच्चट केळं, पपई, संत्र्याच्या काही फोडी हे बहुतेकांना चालतं, फळं तुमच्या साखरेच्या हिशोबाने. म्हणजे ज्या पोळीने तुम्हाला त्रास होतो असं तुम्ही म्हणता, तिच्या जागी सिलिॲकची तपासणी झाली की भाकर घ्या. भाकर जड म्हणून तुम्ही सोडली, ती सोडायला नको होती. मुगाची डाळ रात्री भिजवून, पाणी ओतून, वाटीभर घट्ट खा, तिचं नुसतं पाणी पिऊ नका.

घरात सात माणसांचा स्वयंपाक असताना एका बाईसाठी वेगळी चूल पेटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढंच करा. वरण शिजलं की लसणाची फोडणी पडण्याआधी तुमची वाटी बाजूला काढा. भाजीतही तेच. लसणातला फुगवणारा अंश पाण्यात उतरतो, म्हणून वरणातून पाकळ्या वेचून टाकल्याने काही होत नाही, तो वरणात उतरलेला असतो. तेलात मात्र तो उतरत नाही. कढईत तेलावर अख्ख्या पाकळ्या लाल होऊ द्या, त्या काढून टाका आणि त्या तेलाची जिऱ्याची फोडणी आपल्या वाटीवर घ्या. लसणाचा वास राहतो, पोट फुगत नाही. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घाला. जवसाची चटणी चमचाभर चालेल, बिनलसणाची.

हे पथ्य चार ते सहा आठवड्यांचं आहे, आयुष्यभराचं मुळीच नाही. त्यानंतर एकेक पदार्थ दोन-तीन दिवस थोडा थोडा घेऊन बघायचा: आज तुरीचं वरण, पुढच्या आठवड्यात पोळी, मग कांदा. बहुतेकांना एक-दोनच गोष्टी जाचतात असं निघतं आणि बाकी सगळं परत ताटात येतं. तुमचं वजन आधीच उतरलंय, म्हणून तुम्ही तर हे आहारतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना विचारूनच करा, आणि दर आठवड्याला वजन बघा. आणखी एक किलो कमी झालं तर पथ्य थांबवा.

काय खाता याइतकंच केव्हा खाता हे बघा. आतड्याची झाडणी रिकाम्या पोटी होते, आणि तुमचं पोट रिकामं राहतंच कुठे? निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत सकाळचा चहा, बांधावरचा चहा, कोणी आलं तर चहा, मधेच मूठभर फुटाणे. दुधासाखरेच्या प्रत्येक कपाला ती लाट थांबते. दोन खाण्यांत चार तासांचं अंतर ठेवा, मधे साधं पाणी हवं तेवढं प्या. साखरेच्या गोळीमुळे यापेक्षा जास्त ताणू नका, आणि थरथर वाटली तर अंतर विसरून खा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर साडेनऊला जेवून लगेच आडवं होणं बदलता आलं तर बदला. घरातल्यांसोबत आठला बसा. हे मागताना अवघडल्यासारखं होईल, तरी मागा.

शेतात जागा नाही म्हणून शौच दाबून ठेवण्याची सवय बऱ्याच बायकांना असते, त्यानेही आतडं सुस्त होतं. सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं स्वतःसाठी काढा. पिण्याचं पाणी पावसाळ्यात उकळून घ्या, शेतात नेतानाही. सोनामुखीचं चूर्ण रोज घेणं, नाभी सरकली म्हणून पोट चोळून घेणं हे थांबवा. आतड्याला सूज किंवा अरुंदपणा असेल तर जोरात चोळल्याने इजा होऊ शकते.

सासूबाईंना वाईट म्हणू नका. त्यांच्या काळात पोटाच्या तक्रारीला ओवा-सैंधव आणि झोप यापलीकडे काही नव्हतं. त्यांना वजनाचा आकडा सांगा, दवाखान्याच्या कागदावरचा. आणि पंगतीला जा. वाटीभर भात, वांग्याची भाजी वरवर घ्या, उरलेलं ताट वाढू देऊ नका, पण माणसांत बसा. घरी एकटं बसून दर घासाची भीती धरली, की आतडं आणखी आखडतं, हे शरीरातच असं आहे. तुमचा त्रास खरा आहे आणि त्यात मनाचा वाटा असला तरी तो खराच राहतो.

तुमच्या मुलाला हे पान वाचायला द्या. त्याच्यासाठी काम आहे. त्याने एक दिवस सुट्टी काढून तुमच्यासोबत तालुक्याला यावं, तिन्ही पट्ट्या आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात, आणि आधीच्या आठवड्यात तुम्ही काय खाल्लं, किती वाजता, केव्हा फुगलं हे वहीत तुमच्याकडून लिहून घ्यावं. साध्या तपासण्यांत काही सापडलं नाही आणि डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तर नागपूरच्या पोटविकारतज्ज्ञांकडे निघण्याआधी त्याने फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात: हायड्रोजन आणि मिथेन दोन्ही मोजता का, साखरेच्या रुग्णाला काय पाजता, आणि सगळा मिळून खर्च किती.